खळ लावलेली बाहुली

नीलक्काला दोनच गोष्टींचा राग येई. तिने शिवलेल्या वाकळेत कुणी टाक्याची चूक काढली तर, आणि तिच्या बाहुलीला कुणी खेळणं म्हटलं तर. बाकी तिला काहीही बोला, ती मुकाट ऐकून घ्यायची. मी कुणाचं काही ऐकून घेत नाही. आमचं जमलं ते बहुधा त्यामुळेच.

मी मूळची माढ्याची. सोलापुरात मुलींच्या शाळेत मराठी आणि चित्रकला शिकवायचे. माझं लग्न झालं होतं, पण नवऱ्याला मी नको होते आणि वर्षभरात मलाही तो नकोसा झाला. मग मंगळवार पेठेतल्या एका बोळात खोली घेतली आणि एकटी राहू लागले. शेजारच्या दोन खोल्यांत नीलम्मा राहायची. बोळातले सगळे तिला नीलक्का म्हणत, मीही म्हणू लागले. ती मला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत 'बाई'च म्हणाली.

तेव्हा ती पन्नाशी ओलांडून पुढे गेलेली होती. उंच, सडपातळ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि तोंडभर देवीचे वण. तेराव्या वर्षी तिला देवी आल्या, त्यात डावा डोळा गेला, आणि ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी निरोप पाठवण्याचेही कष्ट घेतले नाहीत. त्याच मुहूर्तावर त्यांनी दुसरी मुलगी करून घेतली. हे मला नीलक्काने असं सांगितलं, जणू कुणा तिसऱ्याच्या घरची हकीकत सांगते आहे. मला मात्र त्या लोकांचा इतका राग आला की मी त्यांचं आडनाव विचारलं. ती म्हणाली, "आता कुटलं आडनाव, बाई. मेले की समदे."

तिच्या भावाचं, ईरप्पाचं, भुसार मालाचं दुकान होतं. तो होता तोवर सगळे याच दोन खोल्यांत आणि माडीवर राहत. तो गेल्यावर त्याच्या मुलाने, पंचाक्षरीने, होटगी रस्त्याला बंगला बांधला. सामान हलवायच्या दिवशी तो म्हणाला, "आत्या, तुमाला हितली सवय हाय. तितं तुमाला करमायचं न्हाय." तिथे करमेल की नाही हे तिला कुणी विचारलं नव्हतं. माडी भाड्याने गेली आणि नीलक्का खाली राहिली. दर महिन्याला दुकानातून ज्वारी, डाळ, शेंगा यायच्या. आणून देणारा हमाल असायचा. पंचाक्षरी वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त आत्या आठवायची नाही.

आठवायची ती घरात लग्न निघालं की. कारण बाहुली आत्याकडे होती.

ती बाहुली म्हणजे हातभर लांबीचं, काळ्याभोर लाकडाचं बाईमाणूस. नीलक्काच्या आजीच्या आजीने मैंदर्गीहून लग्नात आणलेली. त्या घराण्याची रीत अशी की घरातल्या मुलीचं किंवा घरात येणाऱ्या सुनेचं लग्न ठरलं की हळदीला बाहुली तिच्या शेजारी पाटावर बसवायची, आणि तिच्या लग्नाच्या लुगड्याच्या पदराची चार बोटं रुंद पट्टी कापून बाहुलीच्या कमरेला गुंडाळून शिवायची. जुन्या पट्ट्या काढायच्या नाहीत, नवी त्यांच्या वर. लेकी-सुना मिळून अकरा जणींची लग्नं त्या घरात झाली होती, म्हणून अकरा पट्ट्या. बाहुली कमरेला इतकी जाड झाली होती की मी एकदा म्हणाले, "नीलक्का, हिचे दिवस भरत आलेत बरं का." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

देवी येऊन गेल्यावर तिच्या आईने ही बाहुली तिच्या हवाली केली होती. "तू सांभाळ, तुझ्याच हातनं समद्यांच्या पट्ट्या लागू देत." मला विचाराल तर ही आईची माया होती की जखमेवर मीठ, हे मला अजून कळलेलं नाही. नीलक्काने मात्र ते काम जिवापाड केलं. पुढच्या सहा जणींच्या पट्ट्या तिने लावल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी बंगल्यावरून गाडी यायची, ती बाहुली मांडीवर घेऊन गाडीत बसायची, आणि दोन दिवस त्या घरात 'आत्या कुठं आहेत, आत्यांना बोलवा' असं चालायचं. ते दोन दिवस तिला पुढे दोन-दोन वर्षं पुरायचे. बाहुली नसती, तर तिला कुणी पाटाजवळ उभंही केलं नसतं. हे मी म्हणत नाही, तीच म्हणायची.

आणि दर श्रावणी सोमवारी ती बाहुलीला खळ लावायची. ज्वारीच्या पिठाची पातळ कांजी शिजवायची, फडक्याने गाळायची आणि बाहुलीच्या पट्ट्यांवर बोटांनी चोळायची. मग उन्हात ठेवायची. सोलापुरात निम्मं गाव सुताला खळ लावून जगतं. कापड कसं ताठ, कडक उभं राहिलं पाहिजे, हा इथल्या माणसांचा अभिमान. खळ लागली की बाहुलीच्या पट्ट्या घागऱ्यासारख्या फुलून उभ्या राहत. नीलक्का एका डोळ्याने तिच्याकडे बघत बसे आणि म्हणे, "बगा की, कशी ताठ हाय."

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या चैत्रात पंचाक्षरीची बायको कस्तुराबाई आली. तिची थोरली, महानंदा, हिचं लग्न ठरलं होतं, वैशाखात. ती दारातूनच बोलली, कारण बाहेर गाडी उभी होती.

"आत्या, बाहुली तयार ठिवा. आणि जरा बगून घ्या, नीट हाय न्हवं? मागल्या लग्नात लई जुनाट दिसत व्हती. ह्यांचं म्हणणं, खराब झाली असंल तर सिद्धेश्वरच्या तळ्यात सोडून देऊ. बाजारात डोळे मिटणाऱ्या बाहुल्या आल्यात, एक आणून बसवू की."

"नीट हाय," नीलक्का म्हणाली. "तयार ठिवते."

कस्तुराबाई गेल्यावर तिने ट्रंक उघडली. पाचच मिनिटांत ती माझ्या दारात उभी होती. मला हाताला धरून घेऊन गेली.

वरून बाहुली ठीकच दिसत होती. तिने तिला उचललं तर दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली तुटून ट्रंकेत राहिले. आत नुसता भुसा. ट्रंकेचा तळ गंजून फुटला होता आणि जमिनीतून वाळवी चढली होती. मग तिने वरची पट्टी थोडी उकलली. खालची पट्टी चाळणीसारखी झाली होती. तिच्या खालची तर बोट लावताच पीठ होऊन मांडीवर पडली. नीलक्का त्या पिठाकडे बघत राहिली. मी तिला पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं. लग्नाला सव्वीस दिवस उरले होते.

समोर रेवणप्पा राहायचा. मिलच्या सुतारखात्यात त्याने उभा जन्म काढला होता, मागांची तुटलेली लाकडं जोडायची आणि आडवं सूत वाहणारे धोटे घासून द्यायचे. निवृत्त झाला तरी भोंगा वाजला की उठून बसायचा. त्याला बोलावलं. त्याने बाहुली उलटी-सुलटी केली, ठोकून पाहिली, नाकाशी धरून वास घेतला.

"धड शाबूत हाय. पाय मी लावून देतो, माज्याकडं धोट्याचं लाकूड पडलंय, त्येला वाळवी तोंड लावत न्हाय." मग त्याने पट्टीचा चुरा बोटात घेऊन चोळला. "नीलक्का, ह्याला खळ लावली व्हती काय?"

"व्हय. दर साली लावते की."

"अरं शिवा! खळ लावून कापड ठेवत्यात व्हय? आमच्या मिलमदी खळीचं सूत चार म्हैने पडून ऱ्हायलं तर कसर आन् उंदीर सोडायचे न्हाईत. ज्वारीचं पीठ ते, खाणंच की त्यांचं. तुमी किती वर्सं लावताय?"

नीलक्काने मांडीवरचं पीठ मुठीत गोळा केलं. रेवणप्पाला आपण काय बोलून बसलो ते कळलं असावं. तो पाय घेऊन गडबडीने निघून गेला. तो गेल्यावर ती म्हणाली, "पंचेचाळीस वर्सं. पंचेचाळीस वर्सं मीच त्यास्नी जेवू घातलं, बाई."

त्यानंतर दोन दिवस तिच्या घरात चूल पेटली नाही. मी भाकरी नेऊन ठेवली, ती तशीच वाळून कडक झाली. तिसऱ्या दिवशी मी चिडले. मी म्हणाले, "नीलक्का, रडायचं असेल तर लग्नानंतर रडा. आता सुई घ्या." मी सुईची डबी तिच्यापुढे सरकवली. तिने सुई घेतली.

आम्ही पट्ट्या एकेक करून उकलल्या. प्रत्येक पट्टी निघाली की ती नाव सांगायची आणि मी कागदावर क्रमाने लिहून घ्यायचे. वरच्या तीन धड होत्या. बाकीच्या आठांतून कुठे काठाचा धागा, कुठे हिरव्या रंगाचा डाग, एवढंच. पण नीलक्काला सगळी लुगडी पाठ होती: बजाबाईचं जांभळं, मोठ्या काकूचं डाळिंबी, सोनाबाईचं हिरवं इरकल. आणि ती लुगडी गेली कुठे, तेही तिला ठाऊक होतं. तिच्या धाकट्या बहिणीला, ईरम्माला, मैंदर्गीला दिलेली. तिची एकामागून एक सात बाळंतपणं झाली, आणि प्रत्येक वेळी नीलक्काने घरातल्या बायकांची जुनी लुगडी फाडून वाकळ शिवून पाठवली. बायका कधीच्या गेल्या होत्या. लुगडी वाकळांत होती.

"चला मैंदर्गीला," मी म्हणाले.

रविवारी आम्ही एसटीने अक्कलकोटवरून मैंदर्गीला गेलो. कापडं आणायला म्हणून नीलक्काने मोठी पिशवी घेतली होती, गाडीत बसताना खाली घ्यायला म्हणून त्यात एक जुनं पातळ घडी करून ठेवलं होतं. बहिणीकडे ती चौदा वर्षांनी चालली होती. वाटेत तिने तीनदा पदर सारखा केला.

ईरम्मा ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. नीलक्काला बघून ती उठली, जवळ आली, आणि तिची नजर पिशवीवर गेली. मी तिचा चेहरा बघत होते. तो एकदम पडला.

"अक्का, पंच्यानं घराबाहिर काढलं काय तुला?"

नीलक्का काही बोलायच्या आत ती पुढे सांगत सुटली. "आमच्या हितं बी लई अडचण हाय बग. धाकटी लेक बाळंतपणाला आलीय, थोरल्याची पोरं माज्या खोलीत झोपत्यात. मला कोण इचारतंय ह्या घरात? न्हाय तर मी न्हाय म्हटलं असतं काय तुला?"

अजून आम्हांला कुणी पाणीसुद्धा दिलं नव्हतं. माझ्या जिभेवर जे आलं ते मी कसं गिळलं, माझं मला माहीत. नीलक्का मात्र शांतपणे म्हणाली, "ऱ्हायला न्हाय आले ग, ईरी. वाकळचं तुकडं पायजेत. बाहुलीला."

ईरम्माला इतकं हायसं वाटलं की काय करू आणि काय नको असं तिला झालं. पाणी आलं, चहा आला, पुरणपोळी करू का म्हणून विचारणं झालं. साऱ्या घरातल्या वाकळा ओसरीवर येऊन पडल्या. एक पोत्यांवर अंथरलेली होती, एक दाराला पडदा म्हणून टांगलेली, एक म्हशीच्या वासराखाली. नीलक्का गुडघ्यांवर बसून एकेक ठिगळ हाताने चाचपत होती आणि म्हणत होती, "ही बजाबाई. ही मोठी काकू. ही आपली आई, ईरी, बग." ईरम्माने एकदा बघितलं आणि ती आत सुनेला हाक मारायला गेली. संध्याकाळच्या गाडीपर्यंत सात तुकडे मिळाले. 'राहा आजची रात' असं शेवटी ईरम्मा म्हणालीसुद्धा, पण तेव्हा आम्ही गाडीत चढत होतो.

अक्कलकोट मागे पडलं तरी मी धुमसतच होते. नीलक्का खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिची चूक न्हाय, बाई. पिशवीच लई मोठी घेतली मी."

मिळाले सात, हवे होते आठ. सर्वांत आतली पट्टी, लाकडाला लागून असलेली, ती आजीच्या आजीची होती आणि तिच्या लुगड्याचा धागाही कुठे उरला नव्हता. मी म्हणाले, तुमच्या लुगड्याची लावा. इतकी वर्षं तुम्हीच हिला सांभाळलंत, अंगाला लागून तुमची पट्टी असेल तर कोणाचं काय बिघडतंय? वरून दिसणारही नाही.

"न्हाय, बाई. तितं लगीन झालेलीचंच लागतं."

"मग माझं पातळ घ्या. माझं झालं होतं."

तिने सुई खाली ठेवली. माझं लग्न झालेलं धरायचं की न धरायचं, याचा ती खरोखरच विचार करत होती, आणि तो विचार तिच्या चेहऱ्यावर इतका स्पष्ट होता की मला हसू आलं. मग तीही हसली. दोन बायका, आणि एका लाकडाच्या बाहुलीच्या परकराला लावायला दोघींपैकी एकीचंही कापड चालत नव्हतं. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. शेवटी कोऱ्या मांजरपाटाची पट्टी लावली.

रेवणप्पाने पाय असे बसवले की सांधा दिसेना. नीलक्काने मांजरपाटावर सात तुकडे आणि जुन्या तीन पट्ट्या क्रमाने चढवल्या, बारीक धावदोऱ्याने. एका डोळ्याने सुईत दोरा ओवायला तिला वेळ लागे, पण मला ती सुई देत नसे. बाहुलीचे पुसट झालेले डोळे रंगवायचं काम तेवढं माझ्याकडे आलं. तिने स्वतः एकदा करून पाहिलं होतं, पण बाहुलीचा एक डोळा वर आणि एक खाली झाला. "तुमी काडा," ती म्हणाली. "तिला दोन्ही सारखे पायजेत." कपाळावर विभूतीच्या तीन रेघा मात्र तिने स्वतः ओढल्या.

सगळं झाल्यावर मी म्हणाले, "नीलक्का, खळीचं घरी कुणाला सांगायचं काही कारण नाही."

"सांगाया पायजे," ती म्हणाली. "त्यांची चीज. माज्या हातनं गेली."

लग्नाला तिने मलाही नेलं. होटगी रस्त्याच्या बंगल्यात हळदीला महानंदाच्या शेजारी पाटावर बाहुली बसवली आणि सगळ्या बायका पाहतच राहिल्या. किती सुंदर, किती जुनी, काय रंग, असं चहूकडून झालं. पाहुण्यांतल्या एका मामलेदारीणबाईंनी तर अशी वस्तू पुण्याच्या संग्रहालयात मांडून ठेवतात म्हणून सांगितलं. कस्तुराबाईच्या तोंडावर आनंद मावेना. नीलक्काने महानंदाच्या शालूची पट्टी कापली, बाहुलीच्या कमरेला लावली, टाके घातले, आणि शेवटचा दोरा दातांनी तोडला. तेवढा वेळ ती त्या घरातली सर्वांत मोठी बाई होती, आणि ते तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी वरात गेल्यावर नीलक्का बाहुली न्यायला दिवाणखान्यात आली. मी तिची पिशवी धरून मागे होते. बाहुली पाटावर नव्हती. भिंतीतल्या काचेच्या कपाटात, कपबशांच्या वरच्या फळीवर, ती उभी होती. कस्तुराबाईने कपाटाला किल्ली लावली आणि हसून म्हणाली,

"आत्या, आता हितंच ऱ्हाऊ दे तिला. काय सुरेख केलीय तुमी! पावणे बघत्यात तर बरं वाटतंय. तुमच्या तितं ट्रंकंत कोण बघणार? आन् तुमचं बी वय झालं. पुढच्या लग्नाला पट्टी काय, आमी बी लावू की."

नीलक्का कपाटापाशी गेली. बाहुलीला तळ्यात सोडू द्यायचं नाही, एवढीच तिची धडपड होती. पण इतकी चांगली केली की तिला परत द्यावीशी कुणालाच वाटेना. मला वाटलं, आता ती बोलेल. निदान भांडेल. मी तोंड उघडलं तर तिने मागे न बघता हात करून मला थांबवलं.

"खळ लावू नका," ती कस्तुराबाईला म्हणाली. "कापडाला खळ लावून ठेवली की कसर लागतीय. मी लावत व्हते, म्हणून ती गेली व्हती."

"आमी कशाला लावतोय, आत्या?" कस्तुराबाई म्हणाली. "आमाला येळ कुटाय?" आणि ती पाहुण्यांची ताटं बघायला आत गेली. इतके दिवस छातीवर बाळगलेली चूक नीलक्काने कबूल केली होती, आणि ती ऐकायला तिथे कुणी थांबलं नव्हतं.

गाडी पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गेली होती. आम्ही चालत परत आलो. हातांत बाहुली नसताना ती बंगल्यावरून पहिल्यांदाच येत होती, म्हणून हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. मी रिकामी पिशवी तिच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

नंतरचे दोन महिने ती वाकळा शिवत राहिली. बंगल्यावरून ज्वारी येत होती, माणूस कुणी आलं नाही. महानंदा पहिल्या सणाला माहेरी आली, तेही आम्हांला हमालाकडून कळलं. मी बाहुलीचं नाव काढलं नाही आणि तिनेही काढलं नाही.

पहिल्या श्रावणी सोमवारी शाळा लवकर सुटली. मी दार उघडून आत पाय ठेवते तोच मागून नीलक्का आली. तिच्या हातात पातेलं होतं, पांढऱ्या कांजीची वाफ येत होती. सवयीने शिजवली असणार, आणि शिजवून झाल्यावर आठवलं असणार. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "एखादं पातळ हाय काय तुमचं? खळ लावून देते. ठेवायचं न्हाय, लगेच नेसायचं."

मी तेव्हा शाळेत नायलॉनच्या साड्या नेसत होते. त्यांना खळ लागत नाही. मी ट्रंक ओढली, तळाशी गेले, आणि लग्नात नेसलेलं सुती पातळ काढून तिच्या हातात दिलं. तिने ते उलगडून उजेडात धरलं, काठ बोटांनी चाचपला आणि विचारलं, "लग्नातलं काय?"

"व्हय," मी म्हणाले.

तिने पातेलं खाली ठेवलं आणि बाह्या वर सारल्या.